टाकीत न आलेले सोबती

मत्स्यालयात आपण मासे पाहायला जातो. टाकीच्या तळाशी पसरलेल्या खड्यांकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. २००५ साली मात्र सूक्ष्मजीवशास्त्राला एक मोठा धक्का अशाच खड्यांनी दिला. अमेरिकेतल्या सिएटल मत्स्यालयाच्या एका टाकीतल्या खड्यांमधून संशोधकांनी आर्किया या जिवाणूंहून वेगळ्या सूक्ष्मजीवांच्या गटातला एक जीव वेगळा काढला. अमोनियाचे नायट्राइट करून त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर तो जगतो. हे काम जिवाणूंचेच, अशी तोवर समजूत होती. नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस या नावाने तो आज ओळखला जातो, आणि त्याचे भाऊबंद सगळ्या महासागरांत अमाप संख्येने पसरलेले आहेत. खुल्या समुद्रातल्या नायट्रोजनचक्राचा एक मोठा कारभारी असा बंद टाकीच्या तळाशी हाती लागला.

या शोधातून एक गोष्ट सहज कळते. समुद्री टाकी म्हणजे काच, पाणी आणि प्राणी एवढेच नसते. तिथे सूक्ष्मजीवांची स्वतंत्र वस्ती असते आणि तिचे कायदे समुद्रापेक्षा वेगळे असतात. समुद्रातून उचललेला स्पंज, प्रवाळ, माकुळ किंवा कोळंबी या वस्तीत येते तेव्हा ती आपले सूक्ष्मजीव बरोबर घेऊन येते. त्यांपैकी कोण टिकते, कोण जाते, त्यांच्या जागी कोण येते आणि त्याने त्या प्राण्याचे काय होते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

समुद्र टाकीत ठेवण्याचा नाद एकोणिसाव्या शतकातला. १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयाने लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले. १८७२ मध्ये आंतोन डोर्न यांनी नेपल्सला प्राणिशास्त्रीय केंद्र उभारायला घेतले आणि समुद्री प्राणी जिवंत ठेवून त्यांचा अभ्यास करण्याची सोय युरोपभरच्या संशोधकांना झाली. मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय आले ते १९५१ साली. या सगळ्या काळात टाकी राखणाऱ्याची मुख्य चिंता एकच होती: पाणी नितळ कसे राहील आणि प्राणी मरणार कसे नाहीत. जिवाणू म्हणजे कुजणे आणि रोग, असा हिशेब होता.

या हिशेबाला छेद देऊ शकेल असा एक माणूस तेव्हाच होऊन गेला. एल्या मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावी तारामाशाच्या पारदर्शक डिंभकाला काटा टोचला आणि त्याच्याभोवती जमा होणाऱ्या भटक्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. परक्या कणांना गिळणाऱ्या पेशींची कल्पना त्यातून पुढे आली आणि १९०८ चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिख यांच्यासह त्यांना मिळाले. हेच मेचनिकॉव्ह उतारवयात आंबट दुधातले जिवाणू माणसाच्या आतड्याला हितकारक असतात, असे हिरिरीने सांगत होते. सूक्ष्मजीवांना परतवणारे शरीर आणि त्यांना सांभाळणारे शरीर, दोन्ही बाजू त्यांच्यासमोर होत्या. तारामाशाच्या अंगावर आणि अंगात कोणते जिवाणू सुखाने नांदतात, हा प्रश्न मात्र मागे राहिला. तो विचारायला साधनेही नव्हती. समुद्रातले बहुसंख्य जिवाणू प्रयोगशाळेच्या बशीत वाढतच नाहीत. त्यांच्या जनुकांवरून त्यांना ओळखण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरीस रुळली आणि मग या विषयाची दारे उघडली.

समुद्राच्या एका मिलिलिटर पाण्यात सुमारे दहा लाख जिवाणू असतात आणि विषाणू त्याच्या दसपट. या दाटीत ज्यांना आपण साधे समजतो ते प्राणी राहतात. त्यांना कातडी जाड नाही, पळायला पाय नाहीत; अनेकजण तर जन्मभर एका खडकाला चिकटलेले. स्पंज रोज हजारो लिटर पाणी अंगातून गाळतो आणि त्यातले जिवाणू खातो. तरीही काही जातींच्या स्पंजांच्या शरीराचा ३५ ते ४० टक्के भार त्यांनी न खाता सांभाळलेल्या सूक्ष्मजीवांचा असतो. प्रवाळाच्या अंगावर बुळबुळीत द्रावाचा पातळ थर असतो आणि त्यात जिवाणूंची दाट वसाहत असते. पेशींच्या आत सूर्यप्रकाशावर साखर करणारी शैवाले असतात ती वेगळीच. कोण अन्न पुरवतो, कोण नायट्रोजन फिरवतो, कोण शत्रूला मारणारे रसायन करतो. अशा प्राण्याला एकटा समजून टाकीत ठेवले तर आपण नेमके काय ठेवले, हे तपासावे लागते.

टाकीत काय बदलते? पहिले पाणी. काही केंद्रांत समुद्राचे ताजे पाणी सतत खेळवले जाते. किनाऱ्यापासून दूरच्या शहरांत कृत्रिम मीठ विरघळवून तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवतात. त्यात गाळण्या, अतिनील दिवे, ओझोन. यांतली प्रत्येक वस्तू पाण्यातल्या सूक्ष्मजीवांना चाळणी लावते. दुसरे अन्न. समुद्रात शेकडो प्रकारचे कण मिळतात, टाकीत ठरलेली भुकटी किंवा गोठवलेली कोळंबी मिळते. उरलेले अन्न कुजते, विरघळलेले पोषकद्रव्य वाढते आणि झटपट वाढणाऱ्या जिवाणूंचे फावते. व्हिब्रिओ कुळातल्या अनेकांची ख्याती अशा प्रसंगी वाढण्याचीच आहे. तिसरे शेजारी. खडकावर आजूबाजूला असलेले शैवाल, कृमी, दुसरे स्पंज, यांच्याकडून होणारी जिवाणूंची ये-जा थांबते. त्यावर दाटी, हाताळणी आणि रोग दिसला की दिलेली प्रतिजैविके. अनुभवी मत्स्यालयवाले नव्या टाकीत जुन्या टाकीतला किंवा समुद्रातला जिवंत खडक आधी टाकतात, विरजण लावावे तसा. त्यांनी शास्त्राची वाट पाहिली नाही. अनुभवाने त्यांना हे कळले होते.

या बदलांचा परिणाम नेहमी घट होण्यातच दिसतो, असे मात्र नाही. मायकाले लॅक्सिसिमा या स्पंजावर अमेरिकेत झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात हे स्पंज वाहत्या पाण्याच्या टाक्यांत दोन वर्षे आणि बंद फिरत्या पाण्यात एक वर्ष जिवंत ठेवले होते. त्यांच्यातले जिवाणू समुद्रातल्या स्पंजांपेक्षा वेगळे झाले, आणि त्यांची विविधता कमी होण्याऐवजी वाढली. विविधता वाढली की आरोग्य सुधारले, असे माणसाच्या आतड्याविषयीच्या लोकप्रिय लिखाणात सर्रास वाचायला मिळते. स्पंजाच्या बाबतीत ही वाढ कशाची, हे आधी विचारायला हवे. घरचे कमी झाले आणि पाहुणे वाढले तरी माणसांची मोजणी वाढतेच. विविधतेच्या एका आकड्यावर भाळू नये, हा या पुस्तकाचा वाचकाला पहिला सल्ला आहे.

काही प्राण्यांत सोबत सुटण्याचा परिणाम इतका स्पष्ट असतो की मोजमापाचा वाद उरत नाही. अटलांटिक महासागरात अझोर्स बेटांजवळ समुद्रतळाशी उष्ण, गंधकयुक्त झरे आहेत. तिथल्या बॅथिमोडिओलस अझोरिकस या शिंपल्याच्या कल्ल्यांत दोन प्रकारचे जिवाणू राहतात. एक सल्फाइडवर जगतो, दुसरा मिथेनवर. दोघे मिळून शिंपल्याला पोसतात. संशोधकांनी हे शिंपले वर आणून सल्फाइड नसलेल्या साध्या समुद्राच्या पाण्यात ठेवले. महिनाभरात कल्ल्यांतले जिवाणू नाहीसे झाले. पुन्हा सल्फाइड मिळू लागल्यावर ते परत दिसू लागले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात शिंपला बंदिवासात जगला होता. त्याला झऱ्याचा शिंपला बनवणारी गोष्ट तेवढी गेली होती.

ब्रायोझोआ गटातल्या बुगुला नेरिटिना या प्राण्याची कथा औषधांच्या दिशेने जाते. बंदरांतल्या खांबांवर, जहाजांच्या तळावर तांबूस झुडपासारखी वाढणारी ही वसाहत. तिच्यात ब्रायोस्टॅटिन नावाची रसायने मिळतात आणि कर्करोगाच्या औषधांच्या शोधात त्यांच्याकडे बऱ्याच आशेने पाहिले गेले. १९९१ च्या सुमारास सुमारे १३ टन बुगुलांतून हाती आले ते अवघे १८ ग्रॅम ब्रायोस्टॅटिन. मग प्राणी पाळून रसायन मिळवावे, असा विचार होणे साहजिक होते. अडचण ही की हे रसायन करणारी बुगुला नव्हेच. तिच्या डिंभकांत राहणारा एंडोबुगुला सर्टुला हा जिवाणू त्याचा कर्ता असल्याचे पुरावे सांगतात, आणि तो बाहेर वेगळा वाढवता आलेला नाही. पाळणूक म्हणजे या दोघांची जोडी टिकवणे. स्पंजांपासून मिळणाऱ्या अनेक औषधी रसायनांच्या बाबतीतही हाच पेच आहे. बंदिवासाचा परिणाम इथे जीवशास्त्राच्या वर्गापुरता राहत नाही. कारखान्याच्या ताळेबंदापर्यंत पोहोचतो.

बंदिवासाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. प्राणी टाकीत आणल्याशिवाय सूक्ष्मजीव त्याच्यासाठी काय करतात, हे कळण्याचा मार्गच नव्हता. हवाई बेटांजवळची बॉबटेल माकुळ अंगठ्याएवढी असते. दिवसा ती वाळूत लपते, रात्री शिकारीला निघते. तिच्या पोटाशी एक प्रकाशेंद्रिय असते आणि त्यात व्हिब्रिओ फिशेरी हे चमकणारे जिवाणू राहतात. चांदण्यात खालून पाहणाऱ्या शत्रूला तिची सावली दिसू नये, यासाठी हा उजेड. मार्गारेट मॅकफॉल-न्गाई आणि एडवर्ड रूबी यांनी तीन दशकांहून अधिक काळ या जोडीचा अभ्यास केला. अंड्यातून बाहेर येताना पिलाजवळ हे जिवाणू नसतात. पाण्यातल्या लाखो जिवाणूंतून नेमके हेच काही तासांत त्या इंद्रियात शिरतात. ते शिरले की जिवाणू गोळा करण्यासाठी असलेले इंद्रियावरचे केसाळ धुमारे काही दिवसांत झडून जातात. ज्या टाकीच्या पाण्यात व्हिब्रिओ फिशेरी नाही, तिथे हे धुमारे तसेच राहतात. इंद्रियाची वाढ अपुरी राहते. रोज पहाटे माकुळ यांतले सुमारे ९५ टक्के जिवाणू बाहेर टाकते आणि उरलेल्यांतून दिवसभरात नवी वस्ती उभी करते. जिवाणू प्राण्याचे शरीर घडवतात, हे टाकीतच, जिवाणू वगळता येतात म्हणूनच, सिद्ध झाले.

हवाईतच मायकेल हॅडफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रॉइडिस एलिगन्स या नळीत राहणाऱ्या कृमीवर काम केले. त्याचे डिंभक स्वच्छ पृष्ठभागावर बसत नाहीत. जिवाणूंचा पातळ थर असेल तरच ते स्थिरावतात आणि प्रौढ होतात. त्यातल्या एका जिवाणूची युक्ती २०१४ मध्ये उलगडली: जिवाणूभक्षक विषाणूंच्या शेपटीसारख्या सूक्ष्म रचनांच्या जुडग्यांमुळे डिंभकाला रूपांतराची चालना मिळते. निर्जंतुक केलेल्या चकचकीत टाकीत असे डिंभक तरंगत राहतात आणि मरतात. हॅचरी चालवणाऱ्याने स्वच्छतेचा अर्थ किती ताणावा, याचे उत्तर यात आहे.

हॅचरीचा विषय निघाला की कोळंबी आलीच. जगात सर्वांत मोठ्या प्रमाणावर बंदिवासात वाढवल्या जाणाऱ्या समुद्री अपृष्ठवंशी प्राण्यांत तिचा समावेश होतो, आणि पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या खाडीकाठांनाही तिची ओळख आहे. भारतात व्हॅनामेई कोळंबीला २००९ मध्ये परवानगी मिळाली. ठरावीक रोगांपासून मुक्त असे प्रजनक बाहेरून आणायचे आणि चेन्नईच्या विलगीकरण केंद्रातून हॅचऱ्यांना द्यायचे, अशी व्यवस्था झाली. रोगमुक्त म्हणजे जंतुमुक्त नव्हे, हे इथे ठसठशीतपणे सांगायला हवे. त्याच सुमारास चीनमध्ये तळ्यात बीज सोडल्यावर महिन्याभरात कोळंबी मरण्याचा प्रकार सुरू झाला आणि तो आग्नेय आशियात पसरला. २०१३ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठातील डोनाल्ड लाइटनर यांच्या गटाने कारण शोधले: व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसचे काही वाण. त्यांच्याजवळ विष तयार करणारी जनुके एका फिरत्या डीएनए-वळ्यावर असतात, हे पुढे कळले. जिवाणूची जात ओळखीचीच, खाडीत नेहमी असणारी. तिला हत्यार मिळाले होते. अशा वेळी तळे ब्लीचिंगने धुऊन काढणे हा पहिला उपाय सुचतो. मात्र जंतुनाशकाने मोकळ्या झालेल्या जागेत सर्वांत आधी परततात ते झपाट्याने वाढणारे व्हिब्रिओच. भाताचा कोंडा आणि गूळ आंबवून तळ्यात घालणारा शेतकरी वेगळ्या वाटेने जातो: जागा रिकामी ठेवायचीच नाही. ही वाट कुठे चालते आणि प्रोबायोटिकच्या नावाने कुठे नुसत्या पुड्या विकल्या जातात, याची चर्चा कोळंबीच्या प्रकरणात सविस्तर आहे.

प्रवाळांच्या बाबतीत हा प्रश्न आज सर्वांत निकडीचा झाला आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इस्रायलच्या संशोधकांनी फंजिया ग्रॅन्युलोसा या अळंबीसारख्या दिसणाऱ्या प्रवाळाच्या बुळबुळीत थरातले जिवाणू तपासले. समुद्रातल्या आणि मत्स्यालयातल्या प्रवाळांचे जिवाणू सारखे नव्हते. तेव्हा ही माहिती अभ्यासकांपुरती होती. २०१४ मध्ये मायामीजवळ प्रवाळांचे ऊतक झडून जाणारा नवा रोग दिसला आणि फ्लॉरिडाभर, मग कॅरिबियनमध्ये पसरला. रोग पोहोचण्याआधी निरोगी प्रवाळ उचलून अमेरिकाभरच्या मत्स्यालयांत आणि प्राणिसंग्रहालयांत ठेवण्याची मोहीम निघाली. पुढे त्यांचीच संतती समुद्रात परत लावायची, हा हेतू. प्रजननाचे तंत्रही पुढे सरकले होते. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी चंद्रकला, तापमान आणि ऋतू यांची नक्कल करून बंद टाकीत प्रवाळांना बीजोत्सर्ग करायला लावले आणि ते काम २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. आता अडचणीचा मुद्दा असा की पाण्यात अंडी-शुक्राणू सोडणाऱ्या बऱ्याच प्रवाळांची पिले आपले सोबती मुख्यतः भोवतालच्या पाण्यातून मिळवतात. पाणी टाकीचे असेल तर वारसाही टाकीचा मिळणार. अशी पिढी समुद्रात गेल्यावर तग धरेल का? काही जण याच प्रश्नातून उपाय शोधत आहेत. फ्लॉरिडातील स्मिथसोनियन केंद्राच्या संशोधकांनी निरोगी प्रवाळातून घेतलेल्या स्यूडोअल्टेरोमोनास जिवाणूने या रोगाला टाकीतल्या चाचण्यांत अटकाव होतो, असे २०२३ मध्ये दाखवले. अमॉक्सिसिलिनचा लेप लावून रोग थोपवता येतो, पण प्रतिजैविकाला शत्रू-मित्र कळत नाही. म्हणून या दिशेचे महत्त्व.

एवढे वाचून बंदिवासात सगळेच बिघडते असा ग्रह होऊ नये. समुद्रफुलांचे गोड्या पाण्यातले नातलग हायड्रा आपल्याला सावध करतात. जर्मनीत सेबास्टियन फ्राउने आणि थॉमस बॉश यांनी २००७ मध्ये दाखवले की तीस वर्षांहून अधिक काळ प्रयोगशाळेत एकाच परिस्थितीत वाढवलेल्या दोन जातींच्या हायड्रांवरचे जिवाणू एकमेकांपेक्षा वेगळेच राहिले, आणि निसर्गातल्या आपापल्या जातभाईंशी जुळणारे होते. खारफुटीसारख्या दलदलीत राहणाऱ्या नेमॅटोस्टेला या छोट्या समुद्रफुलातही वेगवेगळ्या किनाऱ्यांवरून आणून एकाच पद्धतीने सांभाळलेल्या प्राण्यांचे जिवाणू मूळ ठिकाणानुसार गटागटांत विभागलेले आढळले. म्हणजे प्राणी हा निव्वळ रिकामा डबा नाही. कोणाला थारा द्यायचा, हे तो काही अंशी स्वतः ठरवतो. कोणती जात किती धरून ठेवते आणि कोणती किती सोडते, ही फरकाची रेघ ओढणे हेच पुढच्या संशोधनाचे मुख्य काम आहे.

रोगाचे कारण शोधताना हे भान किती मोलाचे ठरते, याचे अलीकडचे उदाहरण उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे आहे. तिथे २०१३ पासून तारामासे अक्षरशः विरघळून मरत होते. सूर्यफुलासारखा अनेक भुजांचा पिक्नोपोडिया तर ९० टक्क्यांहून अधिक नष्ट झाला. आधी एका विषाणूवर संशय घेतला गेला, तो टिकला नाही. २०२५ मध्ये व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा हा जिवाणू कारण म्हणून सिद्ध झाला. ते शक्य झाले दोन गोष्टींमुळे: संशोधकांनी ऊतकांऐवजी देहगुहेतला द्रव तपासला, आणि प्रयोगासाठी विलगीकरणात ठेवलेले निरोगी तारामासे त्यांच्याजवळ होते. जबाबदारीने राखलेल्या बंदिवासाने दिलेले हे उत्तर आहे.

या पुस्तकाचा क्रम याच विचाराने लावला आहे. आधी समुद्रातली मूळ स्थिती, मग पकडणे आणि वाहतूक, मग टाकी, आणि शेवटी समुद्रात परत जाणे. शेवटचा टप्पा सर्वांत कमी अभ्यासलेला आहे आणि आपल्यालाही तो लांबचा राहिलेला नाही. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात हाजीअली-वरळीच्या खडकांवरचे प्रवाळ २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावले गेले. अशा प्रत्येक कामात किती प्रवाळ जगले, एवढे जाहीर होते. उचलण्याआधी, लावताना आणि वर्षभराने त्यांच्यावरचे सूक्ष्मजीव कोणते होते, हेही त्या नोंदीत यायला हवे. समुद्रातून प्राणी काढला त्याच दिवशी त्याचा छोटा नमुना अतिशीत कपाटात ठेवणे, पाण्याचा प्रकार, अन्न, दिलेली औषधे आणि टाकीतले दिवस लिहून ठेवणे, याला फार खर्च येत नाही. न केल्यास मात्र ती माहिती पुन्हा कुठूनही मिळत नाही.

वाचकाला एक विनंती. यापुढे समुद्री प्राण्यावरचा कोणताही प्रयोग, औषध किंवा संवर्धनाची यशोगाथा वाचाल तेव्हा तो प्राणी टाकीत किती दिवस होता, कोणत्या पाण्यात होता आणि काय खात होता, हे शोधा. उत्तर दिलेले नसेल तर निष्कर्ष तेवढ्या प्रमाणात कच्चा समजा. प्राणी जगला, यावर बंदिवास यशस्वी ठरवण्याचे दिवस संपले आहेत. तो आपले जगणे बरोबर घेऊन जगला का, ही यापुढची कसोटी आहे.